हॅमिल्टन खाकी फील्ड ३८ मिमी, सव्वा वर्ष वापरून (आणि त्याआधी लेथवर काढलेल्या चकत्या)

आधीच सांगतो, मी घड्याळातला जाणकार बिणकार नाही. बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि एक बाबांच्या वेळचं एचएमटीचं लेथ, हायड्रॉलिकचे पार्ट काढून देतो, दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, त्यामुळं घड्याळाचा नाद लागला तोपण मापातूनच लागला. गेल्या सहासात वर्षांत आठ घड्याळं आली आणि पाच गेली, आणि गेलेल्या पाचातली चार निव्वळ साईजमुळं गेली, घड्याळाच्या आतलं मशीन खराब निघालं म्हणून एकसुद्धा गेलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू हॅमिल्टनचा असला तरी अर्धाअधिक साईजचाच होणार, ज्यांना फक्त घड्याळाचं ऐकायचंय त्यांनी मधलं सोडून खाली जावा.

पहिलं मेकॅनिकल (बॅटरी नसलेलं, स्प्रिंगवर चालणारं) घेतलं ते ४४ मिमीचं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांची चूक नव्हती, माझीच हौस. बेंगळुरूला कामाला गेलो होतो, मॉलमधल्या एका दुकानात शिरलो, तिथल्या पोरानं हाताला बांधलं आणि आरशासमोर उभा केला, "सर, आजकल सब यही साइज पहनते हैं." आता यात गोम काय आहे ते नंतर कळलं, आरशात तुम्ही स्वतःला पाचसहा फुटांवरून बघता, म्हणजे दुसरा माणूस जसा बघेल तसं, आणि तेवढ्या लांबून ४४ मिमी खरंच छान दिसतं. खरं घड्याळ आपण आरशात बघून वापरत नाही की, मान खाली घालून फूटभरावरून बघतो, आणि फूटभरावरून तेच घड्याळ मनगटावर मनगटापेक्षा मोठं दिसायला लागतं. घरी आल्यावर बायकोनं एकदाच बघितलं आणि विचारलं, "हाताला वाटी बांधून आलाय होय?"

मी तरी वर्षभर घातलं, पैसे घातलेत म्हटल्यावर घालायला नको? बाईकवरनं तिसऱ्या गेटापासून गोवावेसपर्यंत यायचं म्हणजे पावलापावलाला क्लच दाबायचा, आणि डावा हात वाकला की चावीचं ते बोंड तळहाताच्या मागं रुतायचं, संध्याकाळपर्यंत तिथं लाल गोल शिक्का. फुल शर्टाच्या बाहीत घड्याळ जायचं नाही, गेलं तर बाहेर यायचं नाही. दाराच्या चौकटीला, मशीनच्या कव्हरला, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या ताटाला, सगळीकडं आपटायचं. मनगट फक्त १६ सेंटीमीटर, त्यावर ते सारखं एका बाजूला कलंडायचं आणि मी ते परत वर ओढायचो, दिवसातनं पन्नास वेळा तरी. वेळ बघायला कमी आणि घड्याळ सरळ करायलाच जास्त हात जायचा.

नंतर एकदा सर्व्हिसिंगला खडेबाजाराच्या मागच्या बोळातल्या मामांकडं दिलं. त्यांचं दुकान म्हणजे दोन माणसं बसतील एवढी खोली, भिंग डोळ्याला, समोर काचेखाली जुन्या घड्याळांचे काटे आणि स्प्रिंगा. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं, "बघ ये." आत बघतो तर मधोमध एवढंसं मशीन आणि चारी बाजूनं प्लॅस्टिकची रिंग. मामा म्हणाले, "एवढा मोठा वाडा बांधलाय आणि भाडेकरू एकच ठेवलाय बघ."

त्या दिवसापासून माझी बघायची पद्धतच बदलली. ईटीए २८२४ नावाचं स्विस ऑटोमॅटिक (हात हलला की आपोआप चावी बसणारं) मशीन आहे, कितीतरी कंपन्यांच्या घड्याळांत तेच असतं, त्याचा व्यास २५.६ मिमी. आता तेच मशीन ३६ च्या केसमध्ये (म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीत) बसवा नाहीतर ४४ च्या, मशीन तेवढंच राहणार, वाढते ती फक्त रिंग. आमच्यात जॉब लहान आणि होल्डर मोठा असला की पॅकिंग घालतो ना, तसंच. आणि हे झाकण न उघडतासुद्धा कळतं, तारखेची खिडकी बघायची. तारखेची चकती मशीनवर असते, त्यामुळं मशीनच्या मानानं केस मोठी झाली की खिडकी डायलच्या कडेला न राहता आत मध्याकडं सरकते, ३ च्या आकड्यापासनं लांब एकटीच कुठंतरी बसलेली. क्रोनोग्राफमध्ये (स्टॉपवॉचवालं घड्याळ) डायलवरच्या तीन छोट्या चकत्या मधोमध गोळा होतात, तिरळ्या डोळ्यांसारख्या. एकदा हे दिसायला लागलं की दिसायचं थांबत नाही, सॉरी, आता तुम्हालापण दिसणार.

याचा अर्थ मोठं घड्याळ म्हणजे खोटं असा नाही हं. युनिटस ६४९७ आणि ६४९८ ही मशीनं मुळात खिशातल्या घड्याळाची, व्यास ३६.६ मिमी, त्याला केस मोठी लागणारच, तिथं ४२-४४ बरोबर आहे, मागनं काच असेल तर चाकं बघायला पण मजा येते. जर्मन वैमानिकांची दुसऱ्या महायुद्धातली ती बी-ऊर घड्याळं ५५ मिमीची होती, मनगटावर नाही तर जाड जॅकेटच्या बाहीवरनं बांधायची. पानेराईनं इटलीच्या नौदलातल्या पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांसाठी ४७ मिमीची केली, पाण्याखाली अंधारात दिसायला पाहिजेत म्हणून. म्हणजे प्रत्येक मोठ्या घड्याळाला एक कारण होतं. मला खडेबाजारात कुंदा आणायला जायला ४७ मिमी कशाला पाहिजे? उलट त्याच युद्धात ब्रिटिश लष्करासाठी १२ कंपन्यांनी जी घड्याळं केली ती ३५ ते ३८ मिमीच्या घरातली, सैन्याला वेळ बघायला तेवढी पुरली.

आणि मोठं म्हणजे किती हे पण दर पिढीला बदलत गेलंय. पाटेक फिलिपचं पहिलं कॅलाट्राव्हा १९३२ चं, जेमतेम ३१ मिमी, ते पुरुषांचं घड्याळ होतं. रोलेक्सचं डेटजस्ट १९४५ मध्ये आलं, ३६ मिमी. १९७२ ला ऑडेमार्स पिगेनं रॉयल ओक काढलं ३९ मिमीचं आणि लोक त्याला जम्बो म्हणायला लागले! आज ३९ मागितलं की दुकानातला पोरगा म्हणतो सर थोडं छोटं होईल. रोलेक्सच्या एक्सप्लोररची तर गंमतच आहे, वर्षानुवर्षं ३६, मग २०१० ला ३९ केलं, २०२१ ला परत ३६ वर आणलं, आणि २०२३ ला ४० पण काढलं. त्यांचंच ठरंना तर आपलं काय.

तर ४४ विकलं (तोट्यात), आणि ठरवलं की आता अंदाजानं घ्यायचं नाही. आमच्याकडं काळ्या नायलॉनचा रॉड पडून होता, त्यातनं रविवारी बसून चकत्या काढल्या, ३६, ३८, ४०, ४२, सगळ्या १० मिमी जाड. खरं बांधून बघितल्यावर कळलं यात काही अर्थ नाही, कारण नुसती गोल चकती कुठल्याच मनगटावर बरी दिसते. घड्याळाला लग असतात, पट्टा जिथं अडकतो ती शिंगं, आणि मनगटावर जागा खाते ती वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी. मग मिलिंगवर लगसकट डमी काढल्या. ४० च्या दोन काढल्या, एकीची लग-टू-लग ४६, दुसरीची ५०. आठवडाभर एकेक घालून फिरलो. दोन्ही ४० मिमीच, खरं पहिली गप्प बसली आणि दुसरीची टोकं मनगटाच्या बाहेर डोकावायला लागली, वरनं पट्टा सरळ खाली पडायचा, मध्ये बोट जाईल एवढी फट. माझ्या मनगटाचा वरचा सपाट भाग व्हर्नियरनं मोजला तर ५१ मिमी भरला. त्यात ५० चं घड्याळ म्हणजे काठोकाठ भरलेला तांब्या.

शॉपमधली पोरं मजा घ्यायची. आमचा एक ऑपरेटर गोकाककडचा आहे, तो रोज जेवणाच्या सुट्टीत त्या काळ्या चकतीकडं बघून गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "सर, टाइम एष्टु?" (कन्नडमध्ये, किती वाजले?)

मग वजनाचा विचार आला. नायलॉन हलकं, फसवतं. ३०४ स्टीलचा तुकडा होता त्यातनं ३८ व्यास आणि साडेनऊ जाडीचा गोळा काढला, भरीव, तो ८५ ग्रॅमच्या आसपास भरला, बांधल्यावर हात जड झाला. आतनं पोकळ केला तेव्हा कुठं घड्याळासारखा वाटला. (खऱ्या घड्याळांत बहुतेक ३१६एल असतं, रोलेक्सवाले ९०४एल वापरतात, दोन्ही टर्निंगला चिवट, टूल खातात, घड्याळवाले पैसे उगाच घेत नाहीत एवढं त्या दिवशी मान्य केलं.) मग तसाच एक १३ मिमी जाडीचा काढला आणि तिथं खरा फरक कळला. व्यास तोच, लग तेवढेच, फक्त साडेतीन मिमी उंची वाढली तर घड्याळ डुलायला लागलं, हात हलवला की आधी हात जायचा आणि मागनं घड्याळ यायचं. शर्टाच्या बाहीत १३ वालं अडकायचं, साडेनऊवालं सुळकन आत.

हिशोबाची एक गोष्ट सांगतो, मग पुढं जातो. ३८ आणि ४४ मध्ये फरक किती, सहा मिमी, काहीच नाही वाटतं ना? खरं डोळा व्यास बघत नाही, पसारा बघतो, आणि पसारा वर्गानं वाढतो. ४४ ला ३८ नं भागा आणि वर्ग करा, १.३४ येतं, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त पत्रा मनगटावर वाढला. ३६ आणि ३८ मध्ये सुद्धा ११ टक्क्यांचा फरक आहे. म्हणून लोक एकदोन मिलिमीटरवरनं तासन्तास भांडतात ते अगदीच येडेपणाचं नाही.

डमींचा निकाल माझ्या हाताचा असा लागला, लग-टू-लग ४७ च्या वर नको, जाडी ११ च्या आत पाहिजे, व्यास ३६ ते ३९ मध्ये काहीही चालेल. बघा, ज्या आकड्यावरनं घड्याळ विकतात तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा निघाला.

आता हॅमिल्टन. खाकी फील्ड मेकॅनिकल, ३८ मिमी, काळं डायल, चावीचं. जाडी ९.५, लग-टू-लग ४७, पट्ट्याची रुंदी २०. काच सफायर, पाणी ५० मीटर. कंपनी मूळची अमेरिकेतली, १८९२ ची, पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टरची, आता स्विस आहे, स्वॉच ग्रुपमध्ये. आतलं मशीन एच-५०, एकदा पूर्ण चावी दिली की ८० तास चालतं, तासाला २१,६०० ठोके. किंमत अर्ध्या लाखाच्या वर जाते, त्यामुळं पुण्याला दुकानात जाऊन, खिशातनं माझा स्टीलचा डमी काढून, शेजारी ठेवून, मगच घेतलं. दुकानातल्या मॅडम जरा घाबरल्याच, त्यांना वाटलं मी काहीतरी स्कॅम करालोय.

पहिली गोष्ट, हे ३८ दिसत नाही, ३९-४० दिसतं. कारण बेझल म्हणजे काचेभोवतीची कडा अगदी बारीक आहे, सगळं डायलच डायल. याच्या उलट ओमेगाचं स्पीडमास्टर, ते ४२ मिमी, खरं त्याला काळं रुंद बेझल आहे, डायल आत लहान दिसतं, लगपण खाली वळलेले, त्यामुळं ४२ असून मित्राच्या हातावर ४० सारखं बसतं. नोमोसचं टँजेंट ३५ एकदा हाताळलं, बेझल जवळजवळ नाहीच, लग लांब आणि सरळ, ३५ कुणी म्हणणार नाही, आणि जाडी साडेसहा मिमीच्या आसपास, दोन रुपयांची तीनचार नाणी एकावर एक ठेवल्यासारखं. ते घड्याळ काढून परत देताना हात जड झाला, बजेट हलकं होतं.

दुसरी गोष्ट, तारखेची खिडकी नाही. मला तर फार बरं वाटलं, मशीन लहान का मोठं हा संशयच संपला, डायल भरलेलं आणि सारखं. १ ते १२ मोठे आकडे, आतल्या बाजूला १३ ते २४ बारीक, रात्री ट्रेनचं टाईमटेबल बघायला ते बारीक आकडे खरंच कामाला येतात, मिरजेची गाडी २१ वाजता म्हणजे किती हे मोजायला नको.

तिसरी, आणि माझ्यासाठी मोठी, चावी. चावीचं घड्याळ रोज हातात घ्यावं लागतं, म्हणजे साईजचा आनंद नुसता मनगटावर नसतो, बोटांतपण असतो. ४४ वालं चावी द्यायला धरलं की डब्याचं झाकण धरल्यासारखं वाटायचं. हे ३८ डाव्या हाताच्या तीन बोटांत नीट मावतं, उजव्या अंगठ्यानं आणि बोटानं चावी फिरवायची, कटकट कटकट, बारीक आवाज, शेवटी ताण आला की थांबायचं. लेथवर काम करताना घड्याळ, अंगठी, लांब बाही काही चालत नाही, लेथच्या फिरत्या चकात अडकलं तर हात जाईल, म्हणून घड्याळ दिवसभर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. संध्याकाळी सहाला हात धुतले की ते काढतो, चावी देतो, बांधतो, आणि तिथंच माझा दिवस संपतो. ८० तास चालतं म्हणजे रोज द्यायची गरज नाही, खरं मी देतोच. माझा नग दिवसाला पाचसहा सेकंद पुढं जातो, चालतंय की.

पट्टा मात्र बदलला. आधी नाटो पट्टा लावला होता, कापडी, तो घड्याळाच्या खालनं जातो, म्हणजे घड्याळ आणि मनगटाच्या मध्ये एक थर वाढतो, ९.५ चं घड्याळ ११-१२ चं होऊन बसतं, ज्यांची केस आधीच १३ आहे त्यांनी नाटोच्या नादाला लागूच नये. मग अथणीला पाहुण्यांकडं गेलो होतो तिथं चपला करणाऱ्या एका कारागिराकडनं म्हशीच्या कातड्याचा पट्टा करून घेतला, आपल्या कोल्हापुरी म्हणून जातात त्यातल्या कितीतरी चपला अथणीतच होतात. पहिला पट्टा एवढा जाड केला की स्प्रिंगबारच (लगमध्ये पट्टा अडकवायची बारीक दांडी) बसंना, कातडं केसला घासायचं. त्यांना सांगितलं, "मामा, ही चप्पल नव्हं, घड्याळ हाय." ते हसले आणि टोकाकडं तासून दिला. पहिले आठ दिवस चपलेसारखा करकर वाजला, आता लोणी झालाय. जांबोटीकडं पावसात घेऊन गेलो तेव्हा तेवढा भिजून दोन दिवस वास मारत होता, तिकडं पावसाळ्यात कापडीच बरा.

उणीव सांगायचीच तर लग. ३८ च्या केसला ४७ म्हणजे लांब, माझ्या डमीच्या हिशोबात बरोबर काठावर. १५ सेंटीमीटर मनगटवाल्यानं आधी घालून बघावं, त्याला एक्सप्लोरर ३६ (लग-टू-लग ४३ च्या आसपास) नाहीतर ट्यूडर ब्लॅक बे ५४ (३७ मिमी) जास्त बसेल, पैसे मात्र कितीतरी पटीनं. ब्लॅक बे ५८ पण बघितलं होतं, ३९ मिमी, जाडी ११.९, सुंदरच आहे, बघताना एकदम मस्त, खरं माझ्या अकराच्या नियमात बसलं नाही. हा नियम मीच केलाय म्हणा, एखाद्या दिवाळीला मोडीन.

आणि सगळ्यांनी लहान घालावं असं माझं म्हणणं अजिबात नाही. तालमीतला एक मित्र आहे, मनगट २० सेंटीमीटर, माझं हॅमिल्टन त्याच्या हाताला बांधलं तर शर्टाच्या बटणासारखं दिसायला लागलं, पट्टा शेवटच्या भोकात. त्याला ४२-४४ च पाहिजे, त्याच्यावर ते शोभतं. मोठं घड्याळ घातलं म्हणून माणसाला हसायचं आणि लहान घातलं की लेडीज म्हणायचं, दोन्ही बंद करा लोकहो. आमच्या घरी तर ३६ ची नायलॉन चकती बायकोनंच पहिली उचलली, म्हणाली याचं खरं घड्याळ आण, मी घालते.

आता बाबांचं जनता. एचएमटी जनता, चावीचं, १७ ज्वेल (घर्षण कमी करायला मशीनमध्ये बसवलेले खडे), ३५ मिमीच्या घरातलं, बाबांनी लग्नाआधी पगारातनं घेतलेलं. एचएमटीनं १९६१ ला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूला घड्याळं सुरू केली, त्याच्या आधी १९५३ ला कंपनी निघाली ती मशीनं बनवायलाच, म्हणजे आमच्याकडं लेथपण एचएमटी आणि घड्याळपण एचएमटी. बाबा म्हणायचे सकाळी एका एचएमटीला चावी, मग दुसऱ्या एचएमटीला बटण. २०१६ ला सरकारनं घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं ती बातमी आली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, फक्त घड्याळ पुसून परत घातलं. (आता जुनी म्हणून ऑनलाईन जी एचएमटी मिळतात त्यातली बरीच रंगीबेरंगी नवीन डायल चढवलेली असतात, जपून घ्या.)

माझ्या हातावर जनता हॅमिल्टनपेक्षा छान बसतं, हे कबूल करतो. लग आखूड, पातळ, अर्ध्या तासात विसरून जाता घातलंय म्हणून. चावी तेवढी बारीक, नखानं फिरवावी लागते. मला वाटायचं बाबांनी ते मला दिलं कारण मला घड्याळांचा नाद आहे. एकदा सहज विचारलं, तुम्ही का घालत नाही आता, तर म्हणाले, "दिसत नाही रे मला त्यातलं." बारीक काटे, चंदेरी डायलवर चंदेरी काटे, आणि बाबांचं वय आता ७२. मी इतकी वर्षं मिमी मोजत बसलो आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लगेच माझ्या मनात आलं, बाबांना मोठं घड्याळ घ्यायला पाहिजे, ४२ वगैरे. त्यांच्या हाताला माझ्याकडचं सगळ्यात मोठं, ४२ चं एक निळं डायलचं बांधलं. तरी वाचता येईना, निळ्यावर चकचकीत काटे, काच चमकायची. मग हॅमिल्टन बांधलं, ३८ चं. चष्मा न लावता एका झटक्यात वेळ सांगितली, "सात वाजून वीस." काळ्यावर फिकट आकडे, काटे जाड, बस्स. चार मिलिमीटर कमी असून जास्त दिसलं. माझ्या सगळ्या चकत्यांमध्ये ही एक चकती काढायची राहूनच गेली होती, डायल नसलेल्या नायलॉनवर हे कळणार कसं.

झालं, तेव्हापासून खानापूरच्या लग्नाला जायचंय म्हणून बाबांनी हॅमिल्टन नेलंय, लग्न होऊन अकरा दिवस झाले. सकाळी चहाच्या वेळी ते चावी देत बसतात, कटकट कटकट, आणि मला ऐकू येतं. मी जनता घालून शॉपला जातो, ते दिवसाला दोन मिनिटं मागं पडतं, काचेला पण चरा आहे, मामांकडं द्यायचंय. खरं ते दिलं तर माझ्या हाताला बसणारं काहीच राहणार नाही, म्हणून बाबा हॅमिल्टन कधी परत देतात याची वाट बघालोय.